सायकलचं मागचंच चाक आधी का मोडतं? रोजच्या सायकलसाठी मजबूत चाकं आणि पार्ट्स निवडायचे कसे

सकाळचे सहा वाजलेत. पहिली पाळी गाठायला भंडारा शहरातून एक सायकल वरठीच्या दिशेने निघालीये. कॅरियरला डबा बांधलाय. संध्याकाळी परतताना त्याच कॅरियरवर तांदळाची चुंगडी येणार आहे. अर्ध्या वाटेत एक खड्डा चुकवायचा राहतो आणि मागून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

उतरून बघितलं तर मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलाय. चाक डुलायला लागलंय आणि प्रत्येक फेरीला ब्रेकच्या रबराला घासतंय. जवळचं दुकान अजून उघडलेलं नाही.

तुटलेल्या तारेची किंमत काही रुपये असते. पण बुडालेल्या पाळीची किंमत दिवसभराची मजुरी असते.

हे ज्यांच्यासोबत घडतं ते नवा स्पोक टाकतात. पंधरा दिवसांनी शेजारचा तुटतो, मग त्याच्या शेजारचा. शेवटी “ही सायकलच बेकार निघाली” असं म्हणून ती अंगणात उभी राहते. खरं तर सायकल बेकार नसते. चाक चुकीचं निवडलेलं असतं किंवा नीट आवळलेलं नसतं.

म्हणूनच स्वतःच्या गरजेप्रमाणे सायकल तयार करून घेताना पैसे नेमके कुठे घालायचे, हे समजून घेऊया.

भंडाऱ्यात सायकल ही हौस नाही, वाहन आहे

भंडारा जिल्हा बराचसा वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलाय. धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि बऱ्यापैकी सपाट रस्ते, म्हणजे सायकलसाठी सोयीचा भूगोल. कामाची ठिकाणं मात्र विखुरलेली आहेत. वरठीला पोलाद कारखाना, जवाहरनगरला आयुध निर्माणी, लाखनी तालुक्यात गडेगावला ट्रक बनवणारा कारखाना, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. भंडाऱ्याचं मोठं रेल्वे स्टेशन, म्हणजे भंडारा रोड, तेसुद्धा शहरात नाही, वरठीला आहे.

शाळेचंही तसंच. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. भंडारा जिल्हाही त्यात आहे. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. म्हणजे मुलीचं शिक्षण सुरू ठेवायला सायकल लागते, हे सरकारनेही मान्य केलंय.

अशा सायकलचं चाक मोडलं की शाळा बुडते, पाळी बुडते. म्हणून इथे ‘मजबूत’ या शब्दाला वेगळं वजन आहे.

‘कस्टम’ सायकल म्हणजे काही श्रीमंतांचा शौक नाही

कस्टम सायकल म्हटलं की पुण्या-मुंबईतली लाखाची सायकल डोळ्यांसमोर येते. पण आपल्याकडे काळी घोडा सायकल पूर्वीपासून अशीच विकली जात आलीये. लुधियानासारख्या ठिकाणाहून फ्रेम, रिम, हब, टायर, सीट असा माल दुकानात यायचा आणि दुकानातला कारागीर ती फिट करून द्यायचा. टायर कोणत्या कंपनीचा, कॅरियर साधा की डबल दांडीचा, स्टँड कोणता, हे गिऱ्हाईकच सांगायचं.

आजही फ्रेम घेऊन त्यावर आपल्या पसंतीचे पार्ट्स चढवून घेता येतात. जुनी चांगली फ्रेम घरात पडली असेल तर काम आणखी स्वस्तात होतं. प्रश्न एवढाच की निवडायचं काय? सुरुवात चाकापासून करूया.

बैलगाडीचं चाक आणि सायकलचं चाक यात फरक काय?

बैलगाडीच्या चाकात जाड लाकडी आरे असतात. गाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर दाबलं जातं. आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो.

सायकलचा स्पोक जेमतेम २ मिलिमीटर जाडीची तार. तिला वरून दाबलं तर ती वाकेल. तार ढकलू शकत नाही, तार फक्त ओढू शकते. मग एवढ्या बारीक तारांवर माणूस आणि चुंगडी दोन्ही कसे पेलले जातात?

उत्तर आहे ताण. चाक तयार करतानाच प्रत्येक तार रिमला आतल्या बाजूने जोरात ओढून ठेवते. चांगल्या चाकात हा ताण एका तारेला साधारण १०० किलोच्या ओझ्याइतका असतो. ३६ तारांचं चाक म्हणजे ३६ बाजूंनी चाललेली रस्सीखेच. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीजवळच्या दोन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो. तेवढ्यानेच ओझं पेललं जातं. बाकीच्या तारांना फारसा फरक पडत नाही.

अमेरिकन इंजिनिअर जॉब्स्ट ब्रँड यांनी १९८१ मध्ये सायकलच्या चाकावर एक पुस्तक लिहिलं, ‘द बायसिकल व्हील’. त्यात त्यांनी हेच गणित मांडून दाखवलं. जगभरचे चाक बांधणारे कारागीर आजही त्याचा आधार घेतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. तार सैल असेल तर ओझं पडताच तिचा उरलासुरला ताणही संपतो, ती पूर्ण ढिली पडते आणि पुढच्या क्षणी पुन्हा झटक्याने ताणली जाते. बाजेची दोरी आठवा. एक दोरी ढिली असली की शेजारच्या दोरीवर भार येतो आणि तीच आधी तुटते. चाकाचंही तसंच आहे.

वर्षाला २७ लाख झटके

आता थोडा हिशोब करू. रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर सायकल चालते असं धरा. मध्यम जाड टायरचं ७०० सी चाक एका फेरीत साधारण २.१७ मीटर पुढे जातं. म्हणजे दिवसाला ९,२०० फेऱ्या. वर्षातले ३०० दिवस सायकल चालवली तर साडेसत्तावीस लाखांहून जास्त.

प्रत्येक फेरीत प्रत्येक तार एकदा खाली येते, थोडी सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. बारीक तार हाताने इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, हे आपण सगळ्यांनी करून बघितलंय. स्पोकही असाच थकून तुटतो. खड्डा फक्त निमित्त असतो.

तुटतो तोही बहुतेक वेळा ठराविक जागी, म्हणजे हबच्या भोकातून वळतो त्या कोपराला. आणि बहुतेक वेळा मागच्या चाकात, उजव्या बाजूला. का?

पहिलं कारण, सायकलवरच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा मागच्या चाकावर येतो. कॅरियर भरलं की तो आणखी वाढतो. दुसरं कारण, उजवीकडे फ्रीव्हील असतं. त्याला जागा देण्यासाठी हबची उजवी बाजू आत सरकवावी लागते. मग रिम मधोमध ठेवायची तर उजव्या तारा डावीपेक्षा जास्त आवळाव्या लागतात. उजव्या तारांवर ताण जास्त, डाव्या तुलनेने सैल. पायडल मारल्याचा जोरही आधी मागच्याच चाकात येतो.

थोडक्यात, पैसे कमी असतील तर आधी मागच्या चाकावर खर्च करा.

रिम, हब, स्पोक, निपल: काय घ्यायचं?

रिम. स्वस्त सायकलला लोखंडी किंवा एकपदरी ॲल्युमिनियमची रिम येते. लोखंडी रिमचा एक गुण आहे, वाकली तर ठोकून बरीचशी सरळ करता येते. पण ती जड असते, गंजते आणि पावसात तिच्यावर ब्रेक लागत नाही. रोजच्या सायकलसाठी डबल वॉलची ॲल्युमिनियम रिम घ्या. तिचा आतून बंद डब्यासारखा आकार असतो, म्हणून ती सहज वाकत नाही. दुकानात ओळखायची कशी? रिमच्या आतली पट्टी बाजूला करून बघा. निपलची डोकी अगदी पृष्ठभागावर दिसली तर रिम एकपदरी. डोकी खोल भोकात, दुसऱ्या थरावर बसलेली दिसली तर डबल वॉल.

स्पोकची संख्या. ओझं वाहणाऱ्या सायकलला मागे ३६ भोकांची रिम घ्या. जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकात ४० आणि पुढच्यात ३२ तारा असायच्या. मागे ओझं जास्त, हे त्या जुन्या रचनेतही धरलेलं होतं. १६-२० तारांची देखणी चाकं शर्यतीसाठी ठीक आहेत. त्यातली एक तार तुटली की चाक लगेच एवढं डुलतं की घरी येणं मुश्कील. ३६ मधली एक तुटली तर सायकल सावकाश का होईना, दुकानापर्यंत पोचते.

स्पोकची जाडी. इथे मोठा गैरसमज आहे. जाड तार म्हणजे मजबूत चाक, असं वाटतं. नेहमीचा स्पोक १४ गेजचा, म्हणजे २ मिलिमीटरचा असतो. १३ गेजचा २.३ मिलिमीटरचा. जाड तार ताणली की कमी लांबते, त्यामुळे खड्ड्यात ती लवकर ढिली पडू शकते. शिवाय १४ गेजसाठी पाडलेल्या हबच्या भोकात ती नीट बसत नाही. बहुतेकांसाठी चांगल्या दर्जाचा १४ गेज स्टेनलेस स्टीलचा स्पोक पुरेसा आहे. खूप ओझं असेल आणि हब चालत असेल, तर कोपराला २.३ आणि पुढे २ मिलिमीटर असलेले स्पोक मागच्या चाकाला घ्या. जाडी हवी ती कोपरालाच, कारण तुटतं तिथेच.

निपल. स्पोकच्या टोकाला रिममध्ये बसणारी ही इवलीशी टोपी पितळेची असावी. ॲल्युमिनियमची निपल हलकी असते, पण पाणी-चिखलात ती जाम होते आणि आवळायला गेलं की फुटते. पितळ सावकाश झिजतं आणि वर्षानुवर्षांनीही फिरतं. पितळी भांड्यांमुळे पितळनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हे वेगळं समजावून सांगायला नको.

विणकाम. स्पोक हबपासून रिमपर्यंत सरळ न जाता तिरके जातात. १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी अशा तिरक्या स्पोकच्या चाकाचं पेटंट घेतलं. तार तिरकी असली की पायडलचा जोर ती रिमपर्यंत ओढून नेते. ३६ तारांच्या चाकात प्रत्येक तारेने त्याच बाजूच्या तीन तारा ओलांडायच्या, ही नेहमीची आणि भरवशाची पद्धत. कारागिराला ‘तीन क्रॉस’ म्हटलं की समजतं.

हब. गिअरच्या स्वस्त सायकलमध्ये सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवलेलं असतं. त्यात उजवं बेअरिंग आत राहतं आणि एक्सलचा तीन-चार सेंटिमीटर भाग आधाराशिवाय बाहेर येतो. मागे वजन टाकून खड्ड्यांतून गेलं की हाच एक्सल वाकतो किंवा तुटतो. यावर उपाय दोन. गिअर हवेत तर फ्रीहब आणि कॅसेटवालं हब घ्या, त्यात उजवं बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं. किंवा गिअरच नको, एकच चकती ठेवा.

सपाट भागात गिअर लागतात का?

अंबागड किंवा गायमुखच्या बाजूचे डोंगर सोडले तर रोजच्या रस्त्यावर फारसा चढ नाही. पुढे ४४ दातांची आणि मागे १८ दातांची चकती असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी १९ किलोमीटर. कामावर जायला हा वेग भरपूर झाला.

एका चकतीचा आणखी एक फायदा आहे. फ्रीव्हील बारीक असल्याने हब आत सरकवावं लागत नाही, दोन्हीकडच्या तारांचा ताण जवळजवळ सारखा राहतो. तेच ३६ स्पोक, तीच रिम, पण चाक जास्त टिकतं. जेवढ्या चकत्या वाढतात तेवढं मागचं चाक एका बाजूला झुकतं, हे गिअरवाली सायकल घेताना कोणी सांगत नाही.

पुलाचे चढ, उलटा वारा आणि मागे ओझं, यासाठी गिअर हवेच असतील तर साधी ७-८ चकत्यांची रचना ठेवा. पुढे एकच चकती पुरे.

२६ म्हणजे नेमके किती?

सायकल जुळवताना सगळ्यात जास्त फसगत मापात होते. दुकानात “२६ चा टायर द्या” म्हटलं की काम होईल असं वाटतं. पण २६ × १.९५ आणि २६ × १⅜ हे टायर एकाच रिमवर बसत नाहीत. पहिल्याला रिम लागते ५५९ मिलिमीटरची, दुसऱ्याला ५९० ची. तसंच काळ्या सायकलचं २८ × १½ माप म्हणजे ६३५, आणि हायब्रिड सायकलचं ७०० सी म्हणजे ६२२.

यातून सुटायचा सोपा मार्ग टायरच्या कडेलाच छापलेला असतो. ४०-६२२ असे दोन आकडे शोधा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर घेऊ नका.

जुन्या काळ्या फ्रेममध्ये ७०० सी चाक बसवायचा विचार अनेकजण करतात. ६३५ च्या जागी ६२२ आलं की रिमची कड साडेसहा मिलिमीटर आत जाते. म्हणजे ब्रेकचं रबर तेवढं खाली पोचायला हवं. आणि दांडीचे जुने ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला घासतात, ते नव्या रिमवर चालतच नाहीत. म्हणून चाक बदललं तर ब्रेकही बदलावे लागतील, हे आधीच हिशोबात धरा.

मागच्या चिमट्याची रुंदीही मोजा. आजच्या गिअरच्या हबला बहुतेक वेळा १३५ मिलिमीटर जागा लागते, काळ्या सायकलच्या फ्रेममध्ये ती बरीच कमी असते. लोखंडी फ्रेम चांगला कारागीर थोडी फाकवू शकतो. ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र कधीही फाकवू नका, तिला तडा जातो.

पावसाळ्यात ब्रेक, उन्हाळ्यात टायर

ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक दाबला की सायकल थांबायच्या ऐवजी घसरत राहते, हा अनुभव जवळपास सगळ्यांचा. गुळगुळीत मुलामा दिलेल्या लोखंडावर पाण्याचा थर बसला की रबराला पकडच मिळत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर ही पकड कितीतरी चांगली राहते. ट्रकच्या गर्दीत सायकल चालवणाऱ्यासाठी रिम बदलायचं हे एकच कारण पुरेसं आहे.

व्ही-ब्रेक साधे, स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारे. पण मुरूम आणि चिखल रबरात अडकून रिम खात राहतात. रिमच्या कडेला बोट फिरवा, खोलगट लागली तर रिम बदलायची वेळ आलीये. डिस्क ब्रेकमध्ये रिम झिजत नाही, चिखलातही ब्रेक लागतो. त्यासाठी फ्रेमला, चिमट्याला आणि हबला तशी सोय हवी. घ्यायचेच असतील तर वायरवाले डिस्क घ्या, ऑइलवाल्यांची दुरुस्ती प्रत्येक गावात होत नाही.

आता टायर. रोजच्या सायकलला ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर योग्य. रुंद टायर खड्ड्याचा झटका स्वतः झेलतो, रिम आणि स्पोकपर्यंत कमी पोचवतो. म्हणजे चाक टिकवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे चांगला टायर आणि त्यात योग्य हवा. हवा किती? टायरच्या कडेला किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. ४० मिलिमीटरच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ५० ते ६० पीएसआय चालते. कॅरियर भरलं तर मागे थोडी जास्त.

उन्हात सायकल उभी केली की टायर फुटतो, असं म्हणतात. यात तथ्य किती? सकाळी २५ अंशांना भरलेली ६० पीएसआय हवा उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर साधारण ६८-६९ पीएसआय होते. धडधाकट टायर एवढं सहज पेलतो. फुटतो तो चिरा पडलेला, नीट न बसलेला किंवा आधीच कमाल आकड्यापर्यंत भरलेला. उन्हाने पंक्चरच्या ठिगळाचं सोल्युशनही मऊ पडतं. म्हणून मे महिन्यात हवा कमाल आकड्यापेक्षा पाच-दहा पीएसआय कमी ठेवा आणि सायकल सावलीत लावा.

बाकीचे पार्ट्स: दिसत नाहीत, पण दमवतात

बीबी, म्हणजे पायडलचा मधला एक्सल. जुन्या सायकलमध्ये क्रँक कॉटरने अडकवलेली असते. कॉटर झिजला की प्रत्येक फेरीला ‘कट’ असा आवाज येतो. नव्या जुळणीत चौकोनी एक्सलची सीलबंद बीबी घ्या. तिच्यात पावसाचं पाणी सहज शिरत नाही आणि छर्रे बदलायची कटकट नाही. फ्रेम घेताना आटे बीएसए पद्धतीचे आहेत का, ते विचारा. १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने हे माप जगभर रूढ झालं आणि त्या मापाचे पार्ट्स सहज मिळतात. एक लक्षात ठेवा, यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवलं तर फ्रेमचंच नुकसान.

चेन. चेन ताणली की चकत्यांचे दात खाते. तपासायला फूटपट्टी पुरे. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवीन चेनमध्ये २४ पिना पुढे मोजल्या की बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर एक सोळांश इंच भरलं की चेन बदला. एक अष्टमांश भरलं तर चकत्याही गेल्या असं समजा.

कॅरियर. किती किलो पेलतो ते अनेक कॅरियरवर छापलेलं असतं, वाचूनच घ्या. त्याचे पाय फ्रेमच्या खालच्या भोकांत बोल्टने बसायला हवेत. सीटच्या दांडीला नुसता आवळलेला कॅरियर धानाच्या ओझ्यासाठी नाही. ओझं जमेल तेवढं खाली, दोन्ही बाजूंना सारखं वाटून बांधा.

जिल्ह्यात मिळतं का, हा शेवटचा प्रश्न नाही, पहिला आहे

इंटरनेटवर शोधलं तर जगातले उत्तमोत्तम पार्ट्स दिसतात. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने नावारूपाला आणलेलं तीन गिअरचं हब घ्या. गिअर हबच्या पोटात, चाक जवळपास सरळ, काळजी कमी. रोजच्या सायकलसाठी ते उत्तमच. पण त्यातली एक बारीक स्प्रिंग गेली तर तुमसर किंवा साकोलीत मिळेल का? नाही मिळाली तर सायकल महिनाभर उभी.

म्हणून पार्ट निवडताना एक कसोटी लावा. हा मोडला तर उद्या संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या दुकानात, किंवा फार तर परवापर्यंत नागपुरातून, मिळेल का? ज्याचं उत्तर ‘हो’ असेल तो पार्ट तुमच्यासाठी मजबूत. महागडा आणि दुर्मीळ पार्ट कागदावर कितीही भक्कम असला, तरी पाळीच्या दिवशी तो उपयोगाचा नाही.

चाक बांधून घेतलं की आणखी एक काम करा. उजवीकडच्या आणि डावीकडच्या स्पोकची लांबी वहीत लिहून ठेवा, दोन्हीत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो. त्या मापाचे दोन-दोन स्पोक जास्तीचे घेऊन फ्रेमच्या दांडीला चिकटपट्टीने लावून ठेवा. उजवीकडचा स्पोक बदलायला फ्रीव्हील उतरवावं लागतं, त्याचा पाना जवळच्या कोणत्या दुकानात आहे ते माहीत असू द्या.

नवीन काहीच घ्यायचं नसेल तर?

पाच हजारांच्या सायकलचं चाकही बरंच टिकवता येतं. त्यासाठी पार्ट बदलावे लागत नाहीत, वेळेवर आवळावे लागतात.

नवीन सायकलचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या जागी बसतात आणि ताण उतरतो. म्हणून साधारण महिनाभरात एकदा दुकानात नेऊन चाकाचा आउट काढून घ्या. सांगताना एवढं म्हणा, “भाऊ, नुसतं चाक सरळ नको, तारा पण सारख्या आवळून द्या.” कारण दोन तारा जास्त आवळून आणि शेजारच्या ढिल्या सोडूनही चाक सरळ दिसू शकतं. ते सरळपण चार दिवसांचं.

चांगला कारागीर आउट काढल्यावर शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळतो. त्याने तारा हबच्या भोकात घट्ट बसतात आणि कोपरातला लपलेला ताण निघून जातो. दोन मिनिटांचं हे काम चाकाचं आयुष्य वाढवतं. तो करत नसेल तर विनंती करा.

आणि एकामागून एक तीन-चार स्पोक तुटले असतील तर एकेक बदलत बसू नका. बाकीच्या तारांनीही तेवढेच लाखो झटके खाल्लेत. त्या बाजूचे सगळे स्पोक एकदम नवे टाका. रिम शाबूत असेल तर तीच चालेल.

पैशांचा क्रम असा ठेवा

१. मागचं चाक: ३६ स्टेनलेस स्पोक, पितळी निपल, डबल वॉल रिम, भक्कम एक्सलचं हब.
२. ३५ ते ४५ मिलिमीटरचे चांगले टायर.
३. ब्रेक आणि त्याची रबरं.
४. सीलबंद बीबी आणि चेन.
५. कॅरियर, मडगार्ड, दिवा.
६. रंग, स्टिकर आणि बाकीची हौस सगळ्यात शेवटी.

दुकानातून चाक ताब्यात घेण्याआधी एक शेवटची परीक्षा. पेनने किंवा चावीने एका बाजूच्या तारांवर एकेक करून टिचकी मारत जा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे. एखादी ‘टण्ण’ वाजली आणि शेजारची ‘भद्द’, तर ताण सारखा नाही, चाक परत स्टँडवर चढवायला सांगा. उजव्या आणि डाव्या बाजूच्या आवाजात फरक असला तर हरकत नाही, एकाच बाजूच्या तारांत नको.

आपल्याकडे मडकंसुद्धा वाजवून घेतात. मग ज्यावर रोजची पाळी आणि पोरीची शाळा अवलंबून आहे, ते चाक न वाजवता का घ्यायचं?